आत्या लाइट बघायला जाते

परभणी जिल्ह्यात जिथे कुठे एखादा एलईडी दिवा लुकलुकतो, तिथे तो बिघडलेला नसतो, त्याने फक्त आमच्या आत्याला हाक मारलेली असते. हे माझे एकट्याचे मत नाही, गंगाखेडच्या तिच्या अख्ख्या गल्लीचे आहे. वायरमनला फोनवर फोन करावे लागतात, त्याची मोटारसायकल कायम कुठल्या तरी दुसऱ्या गावाच्या वाटेवर असते, आणि आलाच तर तो वर न बघता 'बदलून टाका' एवढे सांगून जातो. आत्या मात्र निरोप कानावर पडताच हातातला चहा बशीत ओतून संपवते आणि निघते. आली की आधी दिव्याकडे बघते, मग बोर्डाकडे, मग घरातल्या माणसांकडे एकेक करून अशी बघते की ज्याने त्याने आपणच काही केले असेल असे समजून मान खाली घालावी. मग स्टूल मागते. सत्तरीला टेकलेली, ठेंगणी, कपाळावर भस्माचे पट्टे, अंगावर इरकली लुगडे, गळ्यात चांदीच्या डबीतले लिंग, आणि अंबाड्यात आडवा खोचलेला टेस्टर, अशी ती स्टुलावर चढली की खालची माणसे नकळत हात जोडल्यासारखी उभी राहतात. तेवढे तिला आवडतेही.

टेस्टर हा आत्याचा खरा दागिना. पाटल्या ती काढून ठेवते, टेस्टर नाही. त्याने ती तारेतली वीज बघते, तेलाच्या डब्याचे बूच उघडते, पाठ खाजवते आणि बाजारात भोपळा कोवळा असल्याचे खोटे सांगणाऱ्या माळणीसमोर तो भोपळ्यात खुपसून दाखवते. पिंगळीला आमच्या नात्यातल्या एका लग्नात तिने गजरा माळला तोसुद्धा टेस्टरभोवती. त्या लग्नाची आठवण अजून निघते. गोरज मुहूर्त होता, मांडवातल्या दिव्यांच्या माळा फडफडत होत्या, आणि अक्षता पडायला दोन कडवी उरली असताना आत्या पहिल्या रांगेतून उठून जी जनरेटरकडे गेली ती कुणाला अडवता आली नाही. पुढच्या घटकेला अख्खा मांडव काळाकुट्ट. लोकांनी अंदाजाने अक्षता टाकल्या, त्यातल्या बऱ्याचशा नवरदेवाच्या मामाच्या डोक्यावर पडल्या, आणि सगळीकडे आरडाओरडा चालू असताना मांडवाच्या मागून आत्याचा समाधानाने भरलेला आवाज आला, "आता फडफडायलीय का? न्हाई ना? झालं मग!"

पिवळ्या बल्बांच्या काळात आत्याला दिव्यांमध्ये काही रस नव्हता. एलईडी आले आणि ती या विषयाकडे वळली. "जुना बलप सरळ होता," ती सांगते, "गेला की गेला. ही एलिडी मरत न्हाई बाबा, आजारी पडती." आणि आजारी माणसाची सेवा करायची तिला पहिल्यापासून हौस. त्यामुळे ती वैद्यासारखी चौकशी करते. "कवापासून? समदे लुकलुकायलेत का ह्यो एकटाच? मोटार लावल्यावर का आपल्या मनानं? बटन बंद केल्यावर सुदिक?" हे प्रश्न एखाद्या इंजिनिअरनेही विचारावेत असे आहेत, पण उत्तरे मिळाल्यावर ती जे उपचार करते त्यांच्याबद्दल मात्र कुठल्याही इंजिनिअरने तोंडात बोट घालावे. होल्डर ढिला असेल तर ती तो घट्ट करते, इथपर्यंत ठीक आहे. पण दोष सापडला नाही तर बल्ब दमला आहे असे जाहीर करून ती तो काढते आणि विश्रांतीसाठी घरी आणून ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवते. भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात हे तिने कुठून तरी ऐकले होते. तिच्या मते ज्वारी त्याहून गुणाची. माझ्या बायकोने एकदा भाकरीसाठी दळण काढायला त्या डब्यात हात घातला आणि आतून गल्लीतल्या निम्म्या घरांचे बल्ब वर आले. एकालाही दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली नव्हती, पण आत्याला कुठला कुणाचा हे चेहऱ्यावरून कळत होते.

तरीही तिला नाव मिळाले ते एका खऱ्या निदानाने. गल्लीच्या टोकाला एक मठ आहे. तिथे नवा दिवा लावला आणि बटण बंद केल्यावरही तो मिणमिणत, डोळा मिटल्या-उघडल्यासारखा करत जळत राहू लागला. माणसे आधी चकित झाली, मग हात जोडू लागली, आणि आठ दिवसांत बाहेरच्या गावांहून जीप भरून बायका यायला लागल्या. आत्या गेली, पायऱ्यांवर चप्पल काढली, आधी मनोभावे नमस्कार केला, मग बोर्डाशी जाऊन बटणातल्या त्या बारक्या लाल बत्तीकडे बोट दाखवून म्हणाली, "चमत्कार न्हाई वो, इंडिकेटर हाय. ही लाल बत्ती रातभर त्याला झोपू देईना." बटण बदलले, दिवा झोपला, जीपा बंद झाल्या. मठाबाहेर नारळ विकणारा म्हातारा त्यानंतर कितीतरी दिवस आत्याशी बोलत नव्हता, पण त्याच्या घरची ट्यूब फडफडायला लागली तेव्हा त्यालाही तिच्याकडेच यावे लागले.

एवढ्या मोठ्या या डॉक्टरीणबाईच्या स्वतःच्या घरातला, भर हॉलमधला दिवा मात्र वर्षानुवर्षे लुकलुकत होता. साधासुधा नव्हे. मधेच मंद व्हायचा, मधेच थरथरायचा, कधी फडफड करून पुन्हा शहाण्यासारखा जळायला लागायचा. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, कापडाचे दुकानदार, सकाळी आंघोळ करून डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसत आणि त्यांची नजर स्थिर झाली रे झाली की वरचा दिवा डोळे मिचकावू लागे. "म्हादेवाकडं बघावं का तुझ्या बलपाकडं?" ते ओरडत. आत्या स्वयंपाकघरातून म्हणे, "म्हादेवाकडं बघा. बलपाकडं बघायला मी हाय." मामांनी वायरमन आणला की आत्या त्याला पोटभर पोहे खाऊ घालून, दुसऱ्याच घरच्या दिव्याची तक्रार सांगून तिकडे पाठवून देई. एकदा मामांनी परभणीहून चांगला महागाचा बल्ब आणून लावला. तो हलेना. वीज कमी येवो, जास्त येवो, तो आपला सारखाच जळे. मामा त्या दिवशी पूजेतून उठले ते आनंदाने डोळे पुसतच. मी नेमका त्याच संध्याकाळी गेलो होतो. निघताना आत्याने जुन्या पोलक्यात गुंडाळून काहीतरी माझ्या पिशवीत घातले. "ने तुला. मुका बलप हाय ह्यो, आमच्या कामाचा न्हाई." मला तेव्हा वाटले, वयाप्रमाणे होतेच असे कधीकधी. तो बल्ब आजही परभणीला माझ्या घरी लागलेला आहे आणि त्याने एकदाही पापणी हलवलेली नाही.

त्या दिव्याचे कोडे उलगडले ते एका हिवाळ्यात. मी मास्तर माणूस. आमचे एक प्रशिक्षण गंगाखेडला लागले आणि मी आठवडाभर आत्याकडे राहिलो. पहिल्याच सकाळी, अजून उजाडायचे होते, थंडीने जाग आली तर आत्या हॉलमध्ये दिव्याखाली पाटावर बसलेली, अंगावर शाल, हातात चहाचा पेला, आणि मान वर. मी काही विचारणार तोच दिवा एकदम मंद झाला, थरथरला आणि सावरला.

"उठली," आत्या म्हणाली.

दिवा थोडा वेळ अशक्तपणे जळत राहिला. "पानी भरायलीय." मग मोटार बंद झाली असावी, कारण उजेड पुन्हा स्वच्छ झाला. आत्याने पेल्यातून एक घोट घेतला. थोड्या वेळाने बारीक फडफड झाली आणि थांबली. "मिक्सर. हिरव्या मिरच्या असतील, थोडाच येळ फिरला." दुसऱ्या दिवशी ती फडफड बराच वेळ चालली तेव्हा आत्या पाटावरच पुढे सरकली. "आज कामून येवढा येळ? सण न्हाई, वार न्हाई. डाळ वाटायलीय बघ, वडे करनार. पोरगा आला असंल पुन्याहून." आणि दुपारी मामांनी दुकानातून खबर आणली की हो, धाकट्याचा मुलगा आलाय पुण्याहून. आत्याने "आसं का?" म्हणून असे तोंड केले जसे काही तिला आत्ताच कळते आहे.

ही उठणारी, पाणी भरणारी, वडे करणारी म्हणजे आत्याची धाकटी जाऊ. माझ्या धाकट्या मामी. भिंतीपलीकडे राहणाऱ्या. मामा आणि त्यांचे धाकटे भाऊ यांचे पूर्वी एकच दुकान होते आणि एकच घर. पुढे भावाभावांत बिनसले. कशावरून, ते दोघांनाही आता नीट सांगता येत नाही. मामा म्हणतात दुकानाच्या पाटीवरून, धाकटे म्हणतात गुमास्त्यावरून. वाटणी झाली. दुकान दोन झाले, घराच्या मधोमध जाडजूड भिंत उभी राहिली, धाकट्यांनी आपला दरवाजा मागच्या गल्लीला काढला. भांडी वाटली, परसातल्या बेलाच्या फांद्यासुद्धा वाटून झाल्या, मीटरही वेगळे घेतले. पण वीज ज्या तारेने घरात येते तिच्या जोडीला ती परत जायची एक तार असते. त्या वेळच्या वायरमनने आळस केला की दोन्ही भावांनी एकमेकांकडे बोट दाखवले, कोण जाणे, खांबापासून घरापर्यंतची ही परतीची तार दोन्ही घरांना एकच राहिली. तिचा जोडही ढिला. त्यामुळे पलीकडे मोटार लागली की अलीकडचा दिवा थरथरे, आणि अलीकडे काही लावले की पलीकडचा. सगळी वाटणी करणाऱ्या त्या दोन शहाण्या माणसांकडून एवढे एक वाटायचे राहून गेले होते.

"बोलत का नाहीस मग तिच्याशी?" मी विचारले. आत्याने शाल ओढून घेतली. "मी थोरली हाय. थोरलीनं बोलावल्याबिगर धाकलीच्या घरी जावं का? आन भिंत बांधायलेले तवा ती मागच्या दारानं निघाली, तर येक शबूद बोलली न्हाई. नुसती बघून गेली." मग म्हणाली, "समद्या गंगाखेडला मालूम हाय मी लाइट बघते. तिची सुदिक लुकलुकत असंल की. तार येकच हाय. पन बोलावती का बघ." त्या घटकेला मला आत्याच्या सगळ्या डॉक्टरकीचा अर्थ कळला. ती गावभर दिवे बघत हिंडत होती, आणि तिला बघायचा होता तो एकच दिवा.

त्या दोघींचे काय होते ते मला लहानपणापासून ठाऊक होते. लोडशेडिंगचे दिवस होते ते. वीज दिवसाउजेडी जायची ती संध्याकाळी यायची. गावात सगळे वैतागलेले, आणि आमच्या या दोघी जावा मात्र वीज गेली की खूश. गिरणी बंद, मिक्सर बंद, मोटार बंद, कुणी काम सांगायला जागाच नाही. दोघी गच्चीवर टाकीच्या सावलीत जाऊन बसायच्या, शेंगा फोडायच्या, आणि कशावरून तरी इतक्या हसायच्या की खाली सासूबाई खाकरायच्या. धाकट्या मामींचे माहेर पाथरीचे, त्यांना माहेरच्या माणसांची नक्कल करायची जबरी कला होती. वीज आली की खालून पोरे ओरडायची, आणि वर आत्या म्हणायची, "आली का मेली!" साऱ्या परभणी जिल्ह्यात वीज आल्याचे दुःख होणाऱ्या या दोनच बायका असाव्यात. आता वीज फारशी जात नाही, आणि गच्चीवरही मधे भिंत आहे. आत्या त्या दिवसांबद्दल बोलायला लागली की तिचा आवाज एकदम तरुण होतो, आणि मग तिच्या लक्षात येते, आणि ती विषय बदलते.

त्या आठवड्यात मी आणखी एक गोष्ट पाहिली. पलीकडची मोटार बंद झाली की आत्या उठायची, स्वयंपाकघरात जायची आणि मिक्सर फिरवायची. एकदा, थांबून पुन्हा एकदा. मी डोकावून पाहिले तर भांड्यात काही नाही. "आत्या, हे काय?" "भांडं वाळवायलेय." पूजेला बसलेले मामा डोळे न उघडता विचारायचे, "चटनी हाय का?" "न्हाई." "मग?" "मग काय न्हाई. तुमी पूजा करा." आणि ती परत येऊन दिव्याखाली बसायची, जणू उत्तर येईल. उत्तर कधी येत नव्हते. पलीकडे दिवा थरथरला की नाही, थरथरला तर कुणी मान वर करून पाहिले की नाही, हे कळायला मार्गच नव्हता.

मग एका उन्हाळ्यात गल्लीत काम निघाले. खांबांवरच्या उघड्या तारा गेल्या, काळी जाड केबल आली, आणि खांबापासून प्रत्येक मीटरला आपापली वेगळी जोडणी मिळाली. मामांना इतका आनंद झाला की त्यांनी केबल टाकणाऱ्या माणसाचा दुकानातला टॉवेल आणि टोपी देऊन भर रस्त्यात सत्कार केला. घरात दिवे असे लखलखीत झाले की मामांना आपल्या हॉलला कुठला रंग दिलाय हे पहिल्यांदा नीट दिसले. पुढच्याच आठवड्यात मला आत्याचा फोन.

"लाइट बिघडलीय. ये."

"काय होतंय?"

"कायच व्हईना."

मी रविवारी गेलो. आत्या दिव्याखाली पाटावर होती. तोंड उतरलेले. आठवडी बाजारातून आणलेले सगळ्यांत स्वस्त, कुठल्याही शहाण्या माणसाने हात लावू नयेत असे बल्ब तिच्या पुढ्यात पडले होते. प्रत्येक लावून पाहिला होता, एकही थरथरला नव्हता. तिने मला स्टुलावर चढवले. "हालव जरा होल्डर." मी हलवला. "ढिला कर." ढिला केला. "तार वढ जराशी." इथे मामा वर्तमानपत्र टाकून उठले. "येडी झालीस का? चांगली लाइट हाय ती! जल्माची तकलीफ गेली, आन ही बिघाड शोधायलीय!"

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग एवढेच म्हणाली, "ती उठली का न्हाई, बरी हाय का न्हाई, मला आता कोन सांगंल?"

मामांनी वर्तमानपत्र उचलून घेतले, पण ते उलटे धरले आहे हे त्यांच्या ध्यानात आले नाही. मी स्टुलावरून उतरलो. जा की सरळ, दार वाजव, असे मी म्हटलेसुद्धा. आत्याने मान हलवली. "न बोलावता?"

दिवेलागणीला मी परत निघायची तयारी करत होतो. दार उघडेच होते. पायरीवर कुणीतरी उभे राहिले. उंच, वाळलेल्या, केस पांढरे झालेल्या धाकट्या मामी. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. पदराखाली एक बल्ब धरलेला.

"अक्का," त्या म्हणाल्या, "आमची लाइट लुकलुकायलीय. येता का बघाय?"

नवी केबल दोन्ही घरांना एकाच दिवशी लागली होती. मामांनी 'अहो पण' एवढे म्हणायला तोंड उघडले, आत्याने नुसते बघितले, आणि त्यांनी ते मिटले. आत्या उठली. पदर सावरला. डॉक्टरासारखा चेहरा केला, पण हनुवटी स्थिर राहत नव्हती.

"कवापासून?"

"केबल टाकल्यापासून."

"समदे का येकच?"

"समदेच, अक्का."

"बटन बंद केल्यावर सुदिक?"

"बंद केल्यावर तर जास्तच," मामी म्हणाल्या.

आत्याने मला स्टूल घ्यायला सांगितले. आम्ही पुढच्या दाराने निघालो, गल्लीला वळसा घालून मागच्या गल्लीत गेलो. भिंतीपलीकडे जायला एवढे चालावे लागते, हे मला तेव्हा कळले. मामींच्या हॉलमध्ये दिवा स्वच्छ, शांत जळत होता. त्याच्याखाली एक पाट मांडलेला होता, त्याच्याशेजारी चहाचा रिकामा पेला. आत्या त्या पाटाकडे बघत राहिली. मी स्टूल ठेवले, पण त्यावर कुणी चढले नाही. मामींनी चहा केला. दोघी समोरासमोर बसल्या, मान वर करून, आणि जराही न हलणाऱ्या त्या दिव्याकडे बघत राहिल्या. चहा निवत आला तेव्हा मामी वरच बघत म्हणाल्या, "दोन मानसांच्या घरात रोज सकाळी येवढी चटनी कोन खातं, अक्का?"

आत्याने पदराने नाक पुसले, दिव्याकडे नीट निरखून पाहिले, मग बोर्डाकडे, मग जावेकडे. "लय बिघाड हाय हा," ती म्हणाली. "येका दिवसात व्हायचं काम न्हाई. रोज येऊन बघावं लागंल."

"या की," मामी म्हणाल्या.

आणि ती रोज गेली. तो उन्हाळा, नंतरचा श्रावण, महालक्ष्म्या, दसरा. मी जेव्हा केव्हा गंगाखेडला जाई तेव्हा मामा एकटेच दुकानातून येऊन जेवत असायचे. "कुठंय आत्या?" "लाइट बघाय गेलीय," ते म्हणत, आणि पूर्वीसारखे चिडत नसत. एकदा तर भाऊभाऊही त्या हॉलमध्ये बसलेले दिसले; बोलत नव्हते, पण एकाच ताटलीतल्या शेंगा खात होते. गावातल्या इतर दिव्यांकडे मात्र आत्याचे दुर्लक्ष झाले. ज्वारीच्या डब्यातले बल्ब मालकांना परत गेले, त्यातले बहुतेक जसेच्या तसे आजारी.

दिवाळीनंतर धाकट्यांच्या मुलाला पुण्यात मूल झाले आणि तो आईवडिलांना घेऊन गेला. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेले ते तिथेच राहिले. नातवाला सांभाळायला माणूस हवे, सुनेला नोकरी आहे, सगळे रीतसर आहे, कुणाचीच काही चूक नाही. मागच्या गल्लीतल्या दाराला कुलूप आहे. किल्ली आत्याकडे. ती अधूनमधून जाऊन झाडून येते, आणि त्या दिवशी कमी जेवते.

रोज संध्याकाळी मामींचा फोन येतो. नातवाने काय केले, सुनेने काय आणले, हे सगळे झाले की त्या हमखास म्हणतात, "अक्का, हितली लाइट लय लुकलुकायलीय वो." त्या उंच इमारतीत वीज गेलेली कळतसुद्धा नाही, हे मी स्वतः जाऊन पाहिले आहे. आत्या गंभीरपणे म्हणते, "कुनाला हात लावू देऊ नको. मी येते." मी तिला कितीदा म्हटले, चल, रेल्वेने घेऊन जातो. गुडघे तिला आता तासनतास गाडीत बसू देत नाहीत. संक्रांत होऊ दे, म्हणते. मग ऊन कमी होऊ दे, म्हणते.

परवा मी होतो तेव्हाही फोन आला. तेच बोलणे झाले. तिकडून मामींनी विचारले, "कवा येता मग लाइट बघाय?" आत्याने नेहमीसारखे तोंड उघडले, आणि थांबली. फोन दोन्ही हातांनी धरला. ती थोरली होती, आणि आजवर तिने त्या घरी कधी बोलावणे धाडले नव्हते.

"लाइटीचं र्‍हाऊ दे," ती म्हणाली. "माझ्यानं येनं व्हईना गं आता. तूच ये."

तिकडे लहान मूल रडत होते. मग मामी म्हणाल्या, "येते, अक्का."